तहकूब

वॉशिंग्टनात, सिनेटच्या कचेरीच्या तळघरात
माझं काम सोपं होतं.
पत्रं फोडायची, दोन टोपल्यांत टाकायची:
तहाच्या बाजूची एकीत, विरुद्ध दुसरीत.
शुक्रवारी दोन्ही मोजून
आकडा वर साहेबांकडे.

दुबुकचा आयरिश शिंपी लिहायचा,
आमच्या देशाला ज्या कागदात जागा नाही
त्याला माझा एक टाकाही मिळणार नाही.
डॅव्हनपोर्टची जर्मन बेकरीवाली म्हणे,
जिंकणाऱ्यानं ताटातलं घ्यावं,
चूल कशाला उचलून न्यावी?
एका शाळामास्तरानं सत्तावीस पानं लिहून
शेवटी विचारलं होतं, हे कोणी वाचतं का?
(वाचलं, मास्तर. चौदाव्या पानावर
तुम्ही स्वतःलाच खोडलंय.)

मग मार्चात टर्नर्स फोर्डहून दोन लिफाफे आले,
एकाच दिवशी, एकाच निळ्या शाईत.

एमरी हॅटन, पिठाची गिरणी:
"कलम दहा मी तीनदा वाचलं.
कोणाच्या कुंपणाला कोणी हात लावला
की राखणीला आमचं पोर.
थोरला आर्गॉनच्या रानात आहे, मातीखाली.
धाकटा पंधराचा, रोज उंच होत चाललाय.
सही करू नका."

कॉर्डेलिया हॅटन, तोच पत्ता:
"हे युद्ध शेवटचं, असं सांगितलं होतं
म्हणून लेलंड गेला.
तुम्ही सही केली नाहीत
तर तो नुसताच गेला.
ता. क. हे पत्र यांना ठाऊक नाही."

कुठल्या टोपलीत टाकू?
होय वजा नाही, हाती शून्य,
आणि त्या शून्यात बसून एक पोरगा
दूध पितोय, उंच होतोय.
कलम दहापेक्षा मला
तो ताजा कलम जड गेला.
दोन्ही पत्रं एका टाचणीत ओवून मी वर पाठवली.

एकोणीस तारखेला संध्याकाळी
सज्जात उभं राहायला मिळालं.
वाटलं होतं, कोणी मेज ठोकेल, कोणी रडेल.
नावं पुकारली गेली वाण्याच्या यादीसारखी.
ज्यांना तह हवा होता
त्यांच्यातलेच कितीतरी नाही म्हणाले:
अटी लावून हाती दिलेला तह म्हणजे
कान टोचायला नेलेलं मूल
बिनकानाचं परत आणावं तसा.
ज्यांना तो कधीच नको होता
तेही त्यांच्या शेजारून नाही म्हणाले.
कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

एकोणपन्नास होय. पस्तीस नाही.
होय जास्त, आणि तरी सात कमी.
तहाला तीनातले दोन लागतात.
युद्धाला
निम्म्याहून एक जास्त पुरतो.

आमचे साहेब नाही म्हणाले.
नंतर जिन्यात गाठ पडली. मी काही विचारलं नाही.
तेच थांबले, कठड्याला धरून.
"मिस टेंगवॉल, त्या दोघांतलं
मी कोणाचं ऐकलं, असं वाटतं तुम्हाला?"
गिरणीवाल्याचं, मी म्हटलं.
"नाही. तिचं.
शेवटचं म्हणून सांगणाऱ्यांत मी होतो.
आता कुठल्याही कागदावर 'शेवटचं' दिसलं
की माझी जीभ उचलत नाही."
आणि उतरून गेले, टोपी विसरून.

वर सभा तहकूब झाली होती.
तेवढ्या एका शब्दात काय तो तह उरला.

तळघरात दिवा तसाच जळत होता.
कागदावर युद्ध अजून संपलेलं नव्हतं,
आणि टपाल आलं होतं, नेहमीएवढंच.
उत्तरं दोन टाइप करायची होती, पत्ता एक.
त्याचं मी सरकारी लिफाफ्यात घातलं.
तिचं, शिवणाच्या नमुन्यांच्या
एका जुन्या पाकिटात,
दोन दिवस मागाहून.